जीपगाडीतले बिऱ्हाड

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की श्रोते राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा करतात. ती अपेक्षा रास्तच आहे. परंतु आम्ही उभे आयुष्य मोटारी चालविणाऱ्या, मोटारी दुरुस्त करणाऱ्या आणि मोटारींत माल भरणाऱ्या माणसांत काढले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मंगरूळपीरच्या स्टँडवर व वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे आम्हांला जो इतिहास दिसतो तो चाकांच्या बाजूने दिसतो. आज आम्ही श्रोत्यांपुढे जीपगाडी आणून उभी करणार आहोत, आणि तीही साधी नव्हे, तर आत बिऱ्हाड मांडलेली.

जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप घ्यावी, तिच्या पाठीवर छप्पर चढवावे, आत निजायला फळ्या, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी, आणि बायकामुलांसह देश पाहायला निघावे, असा छंद जगात अनेक ठिकाणी रूढ आहे. आपल्या महाराष्ट्रातही तो रुजू लागला आहे. समृद्धी महामार्ग आपल्या शेलूबाजारावरून गेला, तेव्हापासून हे वारे आपल्याही अंगणात येऊन ठेपले आहे. कोणी म्हणेल, हा तर पैसेवाल्यांचा खेळ. मजुरांत वावरणाऱ्या माणसाला त्याचे काय? आमचे उत्तर असे की, या खेळाच्या पोटात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. गाडी घडवतो कोण, आणि गाडीत निवांत निजतो कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेले की दीडदोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. आपल्या शेजारच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या तांड्यांच्या धान्यावर. १८०३ साली इंग्रजांचा सेनापती वेलस्ली असईहून आपल्या वऱ्हाडातील अडगाव आणि गाविलगडापर्यंत लढत आला, तेव्हा त्याच्याही फौजेच्या पोटाची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. लढाई कोणी जिंको, धान्य वाहणारा तांडाच असे. त्या तांड्यात बायका, मुले, म्हातारी माणसे, भांडीकुंडी सारे बरोबर चालत असे. चालते घर हेच त्यांचे कामाचे ठिकाण होते.

पुढे आगगाडी आली. १८६७ साली मुंबईहून निघालेली लोखंडी वाट वऱ्हाडातून नागपुरास पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अरुंद मापाची लाईन झाली, तिलाच आपण प्रेमाने शकुंतला म्हणत आलो. कापूस आगगाडीने मुंबईस जाऊ लागला आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार उठला. ज्यांचे घर चालते होते त्यांचे चालणेच संशयास्पद ठरले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याखाली अनेक भटक्या जमातींना हजेरीच्या दावणीला बांधले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला.

आता याच काळातले विलायतेतले चित्र पाहा. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरने केवळ हौसेसाठी घोड्यांनी ओढायची चालती खोली करून घेतली. तिचे नाव त्याने ठेवले 'वाँडरर', म्हणजे भटक्या. आत निजण्याबसण्याची सोय आणि पुस्तके होती. मौजेखातर बांधलेली ही पहिली प्रवासी खोली, असे तिकडचे जाणकार मानतात. डॉक्टरसाहेबांबरोबर घोडे हाकणारा एक गाडीवान होता आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाहत असे. आमच्याकडे पोटासाठी भटकणारा माणूस पोलिसांच्या वहीत चढत होता, आणि तिकडे हौसेने भटकणाऱ्याचे कौतुक छापून येत होते. शिवाय त्या पहिल्या हौशी गाडीलाही दोन माणसांचे कष्ट लागलेच होते. श्रोत्यांनी हा गाडीवान लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

जीपगाडी जन्मली ती युद्धात. १९४० सालच्या उन्हाळ्यात युरोप हिटलरच्या टाचेखाली जात असता अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, बुटकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी झाली. १३५ कारखान्यांकडे विचारणा झाली. मुदतीत नमुना देण्याची हिंमत बँटम नावाच्या एका लहानशा, बुडत्या कंपनीने केली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि ४९ दिवसांत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, नमुना लष्कराच्या हवाली झाला. लष्कराने तो आराखडा विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांस दाखविला. मोठे काम त्या दोघांना मिळाले. युद्ध संपेतो दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्या आतल्या गाड्या आणि पुढे जीपमागे ओढायच्या छकड्यांचे काम आले. पेरले एकाने, सुगी दुसऱ्याची, ही गोष्ट केवळ आपल्या कापूसवाल्यांच्याच नशिबी असते असे नाही.

विलिसचा कारखाना ओहायो राज्यातील टोलेडो या गावी होता. हे नाव कामगार चळवळीत ठाऊक आहे ते दुसऱ्या कारणाने. १९३४ साली त्याच गावात मोटारींचे विजेचे सामान बनविणाऱ्या ऑटोलाइट कारखान्यात संप झाला. हजारो बेकार माणसे संपकऱ्यांच्या जागा घ्यायला न जाता त्यांच्या बाजूने फाटकाशी उभी राहिली. २४ मे रोजी सैनिकांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. अखेर मालकांना संघटनेशी बोलावे लागले. युद्धातल्या विलिस जीपचे इंजिन ज्या स्टार्टरने सुरू होई, तो याच ऑटोलाइटच्या नावाचा असे. गाडीच्या बॉनेटखाली केवळ लोखंड नसते, माणसांचे झगडेही असतात, एवढे समजण्यासाठी ही हकीकत सांगितली.

जीपची करामत काय होती, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. ती जोर वाटून देते, अर्धा मागल्या चाकांना आणि अर्धा पुढल्यांना. चालकाच्या हाताशी नेहमीच्या दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असत. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने गाडी 'लो'मध्ये टाकायची. 'लो'मध्ये वेग मरतो पण ताकद वाढते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकाला चिखल लगडला की साधी गाडी जागच्या जागी चाक फिरवीत बसते आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खोदते. जीपची मागची चाके घसरली तरी पुढची ओढतात, पुढची घसरली तर मागची लोटतात. ज्याने कधी खोल काकरीतून बैलगाडी काढताना एका हाताने जू आणि दुसऱ्याने चाक रेटले आहे, त्याला हे तत्त्व वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

ही गाडी आपल्या देशात रुजली ती मुंबईच्या माझगावात. १९४५ साली लुधियान्यास जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू व मलिक गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे पडले. १९४९ साली माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. अमेरिकेहून आगबोटीने खोक्यांत सुटे भाग यायचे आणि मुंबईचा कामगार ते जोडायचा. १९५४ पासून विलिस कंपनीशी करार होऊन टप्प्याटप्प्याने भाग येथेच घडू लागले. उंच बॉनेटची जी जीप आपण तहसिलीत, थाण्यात आणि सिनेमात पाहिली, तो विलिसचा १९५३ सालचा नमुना. अमेरिकेत तो केव्हाच बंद पडला, पण आपल्या कामगारांच्या हातांनी तो पुढे कित्येक दशके जिवंत ठेवला. पेट्रोल महागले तेव्हा त्याच अंगात ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन बसविले गेले. युद्धासाठी जन्मलेल्या गाडीला शेतीचे काळीज मिळाले ते असे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप खेड्यात शिरली. गटविकास अधिकाऱ्याची जीप, मलेरियावाल्यांची जीप, देवीची लस टोचणाऱ्यांची जीप आणि दर पाच वर्षांनी प्रचाराची जीप. सरकार म्हणजे कोण, हे अनेक वाड्यातांड्यांना प्रथम कळले ते या गाडीच्या धुरळ्यावरून. मुले मागे धावत आणि म्हातारी माणसे बाजेवरून उठून उभी राहत. परंतु त्या दिवसांत खेड्यातला माणूस जीप पाहत असे, जीपमध्ये बसत नसे. त्याची पाळी नंतर आली.

आता बिऱ्हाडाकडे वळू. लष्करी जीपची लांबी उणीपुरी अकरा फूट आणि रुंदी पाच फुटांवर थोडी. त्यात इंजिन आणि पुढच्या बैठका वजा केल्या तर मागे उरते ती जागा लहान मुलाने पाय पोटाशी घेऊन निजावे एवढी. म्हणून ज्यांना जीपमध्ये घर करायचे होते त्यांना तीनच वाटा होत्या: गाडी लांबवायची, छप्पर वर उचलायचे, किंवा मागे छकडा जोडायचा.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये मॉरिस विल्क्स या अभियंत्याकडे त्याच्या शेतावर एक मोडकी लष्करी जीप होती. तिच्या जागी आपलीच गाडी का करू नये, या विचारातून लँड रोव्हर निघाली आणि एप्रिल १९४८ मध्ये ती अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिच्याच लांब नमुन्यावर फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने १९६० नंतरच्या वर्षांत 'डॉर्मोबिल' नावाचे घर चढविले. छप्पर एका बाजूला बिजागरीवर उचलले जाई आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणून भिंत होई. वर दोन झोळीवजा बिछाने, खाली बैठका पसरून दोन, एक शेगडी आणि हात धुण्याचे भांडे. आईबाप आणि दोन मुले, असे चौकोनी कुटुंब त्यात सामावे. चार चाकांच्या जोराची गाडी आणि कुटुंबाचे घर या दोन्ही गोष्टी कारखान्यातून एकत्र निघाल्या त्या येथे.

याहून अचाट गोष्ट बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन माणसाची. हा हिंदुस्थानी सैन्यात अभियंता होता. युद्ध संपताच बंगालमधील एका विमानतळावर त्याने पाण्यात तरंगणारी लष्करी जीप पाहिली आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करीन असे मनात घेतले. तसलीच एक गाडी विकत घेऊन त्याने तिच्यावर खोली बांधली, जादा इंधनाच्या टाक्या लावल्या, आणि १९५० साली पत्नी एलिनॉर हिच्यासह अटलांटिक महासागर ओलांडला. महिनाभर त्या नवराबायकोचे घर म्हणजे एक जीप होती, आणि भोवती पाणी. पुढे पत्नीने प्रवास सोडला. कार्लिनने मात्र १९५८ साली माँट्रियलला फेरी पुरी केली. गाडीचे नाव होते 'हाफ सेफ', म्हणजे अर्धी सुरक्षित. त्या बाईने एवढ्या जागेत स्वयंपाकाचे आणि आजारपणाचे दिवस कसे काढले असतील, याचा विचार आमच्या मनात प्रदक्षिणेच्या विचाराआधी येतो.

ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली तिचे खरे कारण मात्र कारागिरी हे नव्हे. खरे कारण आहे पगारी रजा. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठ्या संपांनंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. इंग्लंडमध्ये १९३८ साली पगारी सुट्टीचा कायदा झाला. गिरणीतला माणूस पगार न बुडता आठ दिवस घराबाहेर पडू शकतो, असे झाले तेव्हाच तंबू, छकडे आणि चालती घरे खपू लागली. आपल्याकडे या वाटेवरचा पहिला दगड नारायण मेघाजी लोखंडे यांनी बसविला. १८९० साली मुंबईत गिरणीकामगारांची मोठी सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो कोणी शनिवारी रात्री सामान बांधतो आणि सोमवारी पहाटे परततो, त्याच्या गाडीच्या पुढल्या काचेवर देवाशेजारी लोखंड्यांचा फोटो असायला हरकत नाही.

मग आपल्या भागात चाकांवरचे बिऱ्हाड मुळीच नव्हते काय? होते, पण त्याला कोणी इंग्रजी नाव दिले नाही. बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला, हयात कलंदरांच्या दर्ग्यावर, पोहरादेवीला आणि शेगावला माणसे पिढ्यान् पिढ्या बैलगाड्या सोडून गाडीखाली निजत आली. पुढे बैलांच्या जागी मेटाडोर, टेम्पो आणि जीप आल्या. वर ताडपत्री, आत गोधड्या, मागे रॉकेलचा स्टोव्ह आणि पिठाचा डबा. रस्त्याकडेला लिंबाखाली तीन दगड मांडले की चूल झाली. म्हातारीला सीटवर, लेकरांना टपाखाली आणि पुरुषांना जमिनीवर, अशी झोपण्याची वाटणी. हा आमचा डॉर्मोबिल.

आणि तिसरे एक बिऱ्हाड आहे, ते काळीपिवळीचे. एस.टी. जेथे दिवसातून एकदोनदा जाते, तेथे वऱ्हाडातला माणूस काळ्यापिवळ्या रंगाच्या जीपगाड्यांनीच हिंडत आला. लांब चासिसच्या कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांत किती माणसे बसतात याचे उत्तर आर.टी.ओ.च्या पुस्तकात एक आणि स्टँडवर दुसरे. सोंगणीच्या, वेचणीच्या दिवसांत पहाटे मजूर बायांना शेतावर सोडायचे, मग बाजारकरू, मग शाळेची पोरे, रात्री दवाखान्याचा रोगी. हे सारे करून चालक रात्री कोठे निजतो? स्टँडवर, मागल्या आडव्या सीटवर, पाय खिडकीबाहेर काढून. त्याच्या उशाशी पाण्याची बाटली, टपाला टांगलेली पिशवी, काचेवर वाळत घातलेला टॉवेल. जीपगाडीतले बिऱ्हाड पाहायचे असेल तर आम्ही श्रोत्यांना परदेशी मासिके चाळायला सांगणार नाही. पहाटे पाच वाजता आपल्या स्टँडवर चक्कर टाका, एवढेच सांगू.

अलीकडचा काळ असा. १९९३ साली जीपच्याच वंशात आर्माडा आणि २००० साली बोलेरो आली. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात निघणाऱ्या जोंगा गाड्या १९९९ नंतर बंद झाल्या. लष्कराने लिलावात काढलेल्या त्या गाड्या हौशी लोकांनी घेऊन नटविल्या. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात अशा गाड्यांसाठी आणि त्या उभ्या करण्याच्या जागांसाठी सवलती ठेवल्या. जुलै २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने दुसऱ्या एका संस्थेच्या साहाय्याने बोलेरोच्या डबल कॅबवर चार माणसांचे घर बसविण्याचा बेत जाहीर केला: निजणे, जेवण, स्वयंपाक, स्नान आणि शौचाची सोय एकाच पाठीवर. माझगावात जुळलेल्या जीपची नातवंडे अशी घरंदाज झाली.

तथापि जुनी जीप घेऊन स्वतःच घर बांधू पाहणाऱ्यांना एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ कारखान्याने ठरविलेल्या रचनेत कायद्याविरुद्ध फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. आमच्या मिस्त्री बंधूंना हा निकाल जाचक वाटला. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही तीस वर्षे हेच करून पोट भरले. त्यांच्या हाताबद्दल आम्हांला आदर आहे. पण न्यायालयाच्या म्हणण्यात तथ्यही आहे. जीप मुळात आखूड आणि उंच. तिच्या डोक्यावर लोखंडी छप्पर, पाण्याची टाकी आणि बिछाने चढविले की भार वर जातो आणि वळणावर गाडी कलंडायला पाहते. ब्रेक मूळच्या वजनाच्या मापाने केलेले असतात, त्यांना नवे वजन ठाऊक नसते. बंद खोलीत शेगडी पेटविली आणि हवेला वाट नसली तर विषारी वायूने निजलेली माणसे उठत नाहीत. त्या वायूला वास नसतो. म्हणून जड सामान खाली व चाकांच्या दरम्यान, गॅसची टाकी बाहेर उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, दोन बाजूंना झरोके, आणि सर्व काम आर.टी.ओ.च्या परवानगीने, ही चार पथ्ये पाळावीत. मिस्त्र्यांसाठी आमची सूचना वेगळी आहे. त्यांना बेकायदा म्हणून हाकलून देण्याऐवजी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या कामाचे शिक्षण आणि दाखला द्यावा. हात तयार आहेतच. त्यांना कायद्याची ओळख तेवढी हवी.

आता त्या गाडीवानाकडे परत येऊ. आमच्या अनुभवातली एक हकीकत सांगतो. माणसांची नावे सांगत नाही. एका कुटुंबाने देवदर्शनासाठी भाड्याने गाडी केली. दोन रात्री कुटुंब धर्मशाळेत निजले आणि सामानाच्या राखणीसाठी चालक गाडीत. दिवसा गाडी चालू, रात्री डासांत जागरण. परतीच्या वाटेवर पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी बाभळीवर गेली. देवाची कृपा, कोणाचा जीव गेला नाही. मालकाने दुरुस्तीचा खर्च चालकाच्या पगारातून कापायला सुरुवात केली. आम्ही भांडलो आणि ती कपात थांबवली. पण भांडताना मालक जे बोलला ते आमच्या कानांत राहिले आहे: "गाडीत तर निजला होता, आणखी काय पलंग पाहिजे होता?"

होय, पलंगच पाहिजे होता. आणि हे आमचे वेड नव्हे. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा त्यात होती. शिवाय त्यात असेही कलम होते की, कामगारांना जेथे रात्री मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतीची खोली असली पाहिजे. म्हणजे चालकाला निजायला जागा हवी, हे देशाने मान्य केले त्याला साठ वर्षे उलटून गेली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. काळीपिवळीचा मालक एक, गाडी एक, चालक एक. कायदा त्याच्या दारावरून पुढे गेला. आता त्या कायद्याची जागा २०२० सालच्या संहितेने घेतली आहे. पाटी नवी झाली, तरी एकट्या गाडीवरचा एकटा चालक अजूनही पाटीच्या बाहेरच उभा आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता मुंबईपर्यंत पोहोचला. रस्ता सरळ आणि गुळगुळीत. ज्याने काळ्या मातीत जीप हाकली त्याला ठाऊक आहे की खराब रस्ता माणसाला जागे ठेवतो आणि चांगला रस्ता डोळे मिटवतो. अशा रस्त्यावर झोप ही चैन नसून ब्रेकइतकीच गरजेची वस्तू आहे.

म्हणून या गावच्या नागरिकांपुढे आमची मागणी साधी आहे. धोरणातून सवलती घेऊन हौशी गाड्यांसाठी जेथे जेथे जागा उभ्या राहतील, तेथे पाण्याच्या नळाशेजारी चालकांसाठी एक खोली असावी: चार खाटा, एक पंखा, न्हाणीघर. आपल्या स्टँडवर नगरपरिषदेने तशीच एक खोली बांधावी. आणि आपण स्वतः गाडी करून लग्नाला, तीर्थाला, लेकीच्या गावाला जातो, तेव्हा खोल्या मोजताना चालकाची एक मोजावी. या शेवटच्या गोष्टीला ना ठराव लागतो, ना मंजुरी.

हौशीने जीपमध्ये घर बांधणाऱ्यांचा आम्ही द्वेष करीत नाही. उलट, बाप गाडी चालवतो आहे, आई नकाशा पाहते आहे, मुले टपाखाली हसताहेत आणि कोणालाही उद्याच्या हजेरीची धास्ती नाही, हे चित्र आम्हांला फार आवडते. ते चित्र माझगावात जीप जोडणाऱ्याच्या, स्टँडवर ती हाकणाऱ्याच्या आणि गॅरेजात तिच्याखाली शिरणाऱ्याच्या घरीही दिसावे, एवढाच आमचा आग्रह. तांड्याला चालावे लागले, कारण चालल्याशिवाय पोट नव्हते. काळीपिवळीवाला गाडीत निजतो, कारण घरी जायला वेळ नाही. माणूस आपखुशीने हिंडेल आणि आपखुशीने मुक्काम करील, तेव्हाच चाकांवरच्या बिऱ्हाडाला घर म्हणता येईल. तोवर ती कोणाची सहल आहे आणि कोणाची रात्रपाळी, हे पाहूनच आपण त्या गाडीकडे पाहावे.